पोहोचल्यावरची नाडी

स्टेथोस्कोप कानात घातला, कफ फुगवला, हळूहळू हवा सोडायला लागले आणि धडधड ऐकू आली ती माझ्याच छातीतली. डायलवरचा काटा १८० वरून खाली सरकत होता, १६०, १४०, १२०, आणि आजींच्या नाडीचा आवाज कुठे सुरू झाला, कुठे थांबला, काही कळेना. आजी कुडाच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात त्यांनी विश्वासाने माझ्या मांडीवर टाकला होता. माझ्या नाकाच्या शेंड्यावरचा घामाचा थेंब त्यांच्या लुगड्यावर पडला. तो त्यांनी पाहिला, पण काही बोलल्या नाहीत. मी अंदाजाने आकडा सांगितला: १६०/१००.

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तो आकडा रजिस्टरमध्ये लिहू दिला नाही. मला बाजूला बसवलं, आजींशी नातवंडांच्या गप्पा मारत दहा मिनिटं काढली आणि मग स्वतः बीपी घेतलं. १२४/७८.

वाडीत मी सगळ्यांच्या आधी पोहोचले होते, हे इथे सांगायला हवं.

गोष्ट २०२३ च्या डिसेंबरातली. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमची कम्युनिटीची पोस्टिंग कर्जत तालुक्यात लागली होती. ढाकच्या डोंगररांगेखालची ही वाडी. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या घराची गोष्ट येते ते घर अजून तिथेच आहे. रस्ता संपतो तिथून सव्वा तासाचा चढ. मी शाळेत असताना ४०० मीटर धावण्यात तालुक्यात पहिली आले होते आणि ते बक्षीस अजून डोक्यातून उतरलं नव्हतं. पायवाट दिसताच मी सुटले. मागून मुली हाका मारत होत्या, ते ऐकून आणखी जोर चढत होता.

आमच्या बॅचमध्ये एकमेकींना गावावरून हाक मारायची रीत होती. मी माणगावची. माझी खोलीतली जोडीदारीण पोलादपूरची. ती पहिल्या वळणावरच दगडावर बसली, ओठ पांढरेफटक. मी वरून ओरडले, "ए मालगाडी, तुला बँकर लावायला पाहिजे!" कर्जतला राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. घाट सुरू होण्याआधी इथे गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात, ते बँकर. सगळ्या हसल्या. पोलादपूरचीही हसली. ते हसू आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

आणि एक होती वाडीवरची. ठाकर समाजातली, याच तालुक्यातली, आमच्या बॅचमध्ये सगळ्यात कमी बोलणारी. लसींचा कॅरियर तिच्याकडे होता. चार आइसपॅक घातलेला तो निळा डबा पट्ट्याने खांद्याला लावला की बरगडीवर आपटत राहतो. तिने ओढणीची चुंबळ केली, डबा डोक्यावर घेतला आणि चालू लागली. वेग असा, की बघणाऱ्याला वाटावं ही बाजाराला निघाली आहे. वाटेत ती पोलादपूरचीपाशी थांबली, तिला पाणी दिलं, तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि पुन्हा त्याच चालीने निघाली. वाडीत ती माझ्यानंतर वीस मिनिटांनी आली. डबा उतरवला, आतल्या थर्मामीटरवर दोन ते आठ अंशांमध्ये पारा आहे ना ते पाहिलं, हात धुतले आणि लगेच एएनएम सिस्टरांच्या शेजारी कामाला बसली. तिचे हात स्थिर होते. माझे तेव्हाही थरथरत होते.

उतरताना मॅडमनी मला सोबत घेतलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "तुझा आकडा मी लिहून घेतला असता तर काय झालं असतं गं?"

मी गप्प.

"त्या आजींना उद्या हा डोंगर उतरून कर्जतला यावं लागलं असतं. सोबत मुलगा, म्हणजे त्याची मजुरी बुडाली. तिथे बीपी बरोबर निघालं असतं. मग पुढच्या वेळी खरंच वाढलेलं असताना आपण 'चला' म्हटलं असतं, तेव्हा त्या आल्या असत्या का?"

मी म्हटलं, "मॅडम, मी फिट आहे. धावते मी."

"धावतेस, ते बघितलं. पण शर्यत संपली की धावणाऱ्याचं काम संपतं. आपलं तिथून सुरू होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकेक शंभर पानी वही आणायला सांगितली. तीन रकाने आखायला लावले: निघताना, पोहोचल्यावर, दोन मिनिटांनी. प्रत्येकीने स्वतःची नाडी मनगटावर मोजायची आणि लिहायची. कितव्या नंबरला पोहोचलात हा रकाना नव्हता. पुढच्या चढाची माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: ८४, १७२, १४८. वाडीवरचीची त्याच चढाची ओळ: ७२, ११८, ८४. मॅडमनी फळ्यावर गणित मांडून दाखवलं. २२० मधून वय वजा केलं की हृदयाच्या सर्वाधिक ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. विशीतल्या मुलीचे २००. मी त्या सीमेच्या जवळ जाऊन आले होते, तेही कुणाचं तरी बीपी घ्यायला.

"चढताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. एवढा एकच नियम."

मला तो नियम म्हाताऱ्या माणसांचा वाटला होता.

पोलादपूरचीचा प्रश्न मात्र नियमाने सुटणारा नव्हता. तिची ओळ होती ११०, १६८, १५२. निघण्याआधीच ११०! बसल्या जागी नाडी साठ ते शंभर असावी हे आम्ही पहिल्या वर्षी पाठ केलं होतं, पेपरात लिहिलं होतं, गुण मिळवले होते. खोलीत माझ्यापासून चार फुटांवर झोपणारी मुलगी जिना चढताना कठड्याला धरून उभी राहते, तिच्या पापणीच्या आतला भाग कागदासारखा पांढरा आहे, नखं फिकी आहेत, हे मी रोज बघत होते आणि तिला आळशी म्हणत होते. मॅडमनी आम्हा सगळ्यांचं हिमोग्लोबिन करून घेतलं. तिचं आलं ७.४. बाईमाणसाचं निदान बारा तरी असावं. आणखी नऊ जणींचं दहाच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या होत्या. तो आकडा आम्ही गावोगाव पोस्टरवर रंगवून फिरलो होतो आणि आमच्या होस्टेलच्या खोल्यांत तो कधी शोधला नव्हता.

तिला तपासणीसाठी डॉक्टरांकडे नेलं. जंताची गोळी, लोहाच्या गोळ्या. गोळी जेवणाशी, लिंबू पिळून, आणि वर चहा नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. आम्हाला हेही पाठ होतं. ती मात्र सकाळी नाश्त्याऐवजी चहा-बिस्किट आणि रात्री वडापाव यावर दोन वर्षं काढत होती. मेसचं जेवण ड्युटीच्या वेळेशी जुळत नव्हतं आणि घरून येणाऱ्या पैशांत दुसरं काही बसत नव्हतं. मॅडमनी मेसच्या बाईंना विनंती करून ड्युटीवरून उशिरा येणाऱ्या मुलींचा डबा झाकून ठेवायची सोय केली. मुलींच्या तब्येतीसाठी त्या वर्षी झालेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सगळ्यात मोठी वाटते. व्यायामाचं नाव काढण्याआधी ताट भरलेलं असावं लागतं. नर्सिंगला येणाऱ्या बहुतेक मुली कुठल्या घरांतून येतात हे ज्याला माहीत आहे त्याला हे पटेल.

तीन महिने पोलादपूरचीने एकही डोंगर चढला नाही. मॅडमनी तिला फक्त संध्याकाळी उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन यायला सांगितलं. कोणी हसायला नको म्हणून मी तिच्यासोबत जायला लागले. खरं सांगायचं तर लाज वाटून जात होते. एकदा पुलावर उभ्या असताना घाटाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. ती म्हणाली, "मॅडमना मी विचारलं, बँकर लावणं कमीपणाचं असतं का? त्या म्हणाल्या, बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, तिथे गाडीला मागून जोर लावतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही." मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मला ते नाव आवडायला लागलंय."

आमच्या कॉलेजला मैदान होतं, पण तिथे गाड्या उभ्या राहायच्या. मुलींनी पहाटे बाहेर पडायचं तर गेट उघडायला कोणी तयार नसायचं. मॅडमनी वाद घातला नाही. त्या पहाटे साडेपाचला स्वतः येऊन गेटपाशी उभ्या राहू लागल्या. आठवड्याला दीडशे मिनिटं अंग हलेल एवढं चालणं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेवढं त्या आमच्याकडून रस्त्यावरच करून घ्यायच्या. मग होस्टेलच्या जिन्यावर अर्धी भरलेली बादली घेऊन वर-खाली. पाणी सांडलं की पुन्हा. उठाबशा पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून, कारण वॉर्डात पेशंट उचलताना कंबरेतून वाकणाऱ्या सिस्टरांची कंबर चाळिशीत जाते. दोन मिनिटं पुतळ्याच्या छातीवर दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या लयीत, पाच सेंटिमीटर खोल. दुसरं मिनिट संपता संपता दाब उथळ होतो हे आम्हाला आमच्याच खांद्यांनी शिकवलं. म्हणून दोन मिनिटांनी हात बदलायचे असतात. पुस्तकात ते एका ओळीत लिहिलेलं आहे.

आणि रविवारी डोंगर. कोंढाणे लेणी, सोंडाई, पेठचा किल्ला. कोंढाण्याच्या लेण्यात बसून आम्ही काठ्या आणि ओढण्या वापरून मोडलेल्या पायाला आधार बांधायला शिकलो. त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोरीव कमानीखाली एकीचा पाय बांधून तिला शंभर पावलं उचलून न्यायचं. पेठच्या किल्ल्यावर कातळाच्या पोटातून कोरलेला जिना आहे. त्या अंधारात मॅडम थांबवायच्या आणि पुढच्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिचे श्वास मोजायला लावायच्या. डोळ्यांनी नाही, हाताने. तेव्हा तो खेळ वाटला होता.

येताना शेतांवर थांबायचो. भात झोडणाऱ्या बायकांना विचारायचो, साप कधी, कुठे, कसा चावतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं आणि त्यांच्यावरची एकच प्रतिविष लस हे आम्हाला ठाऊक होतं. पण फुरसं गवताच्या पेंढीखाली असतं, मण्यार रात्री अंथरुणात येते आणि चावलेलं कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं आणि घरच्यांना वाटतं रात्रीचं काही बाधलं, हे त्या बायकांनी सांगितलं. वाडीवरची त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायची. वर्गात तोंड न उघडणारी ती मुलगी बांधावर आमची शिक्षिका होती. रायगडचाच दाखला मॅडम द्यायच्या: महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरचा उपाय शोधला तो पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून, त्याचा घाम, त्याची नाडी, त्याचे गार पडलेले हात बघून.

जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी आम्हाला खालापूर तालुक्यात चौकच्या पुढे नेलं, नानिवलीला. इर्शाळगडाचा सुळका समोर होता, त्याच्या माथ्याजवळचं नेढं उन्हात स्पष्ट दिसत होतं. त्याखाली डोंगराच्या अंगावर मातीचा एक मोठा तपकिरी ओरखडा.

"इथून वर बघा," त्या म्हणाल्या.

१९ जुलै २०२३ च्या रात्री त्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वस्ती ठाकरांची, पन्नासच्या आतली घरं. गाडीरस्ता नव्हता. जेसीबी वर नेता आले नाहीत, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. जी माणसं गेली ती पावसात, चिखलातून, तासाभराहून अधिक चालत गेली आणि कुदळ-फावड्यांनी, हातांनी माती उपसत राहिली. एनडीआरएफचे जवान होते, गावोगावचे गिर्यारोहक होते, खोपोलीच्या यशवंती हायकर्सची मंडळी होती. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी मदतीला चढत असताना वाटेतच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडली नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला.

हे सगळं आम्ही तेव्हा बातम्यांत ऐकलं होतं. पण ती वाट समोर बघणं वेगळं. किती वेळ कोणी काही बोललं नाही. मॅडमनी भाषण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्या साहेबांना मी रोज मनात नमस्कार करते. ते गेले, कारण ते निघाले होते. मला माझी प्रत्येक मुलगी निघायला हवी आहे, आणि पोहोचायलाही." वाडीवरचीने चपला काढल्या आणि डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. मग आम्ही सगळ्यांनीच काढल्या.

पहिल्या वर्षी दिवे हातात घेऊन शपथ घेतली होती तेव्हा फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचं चित्र समोर होतं, दिवा धरलेलं. १८५४ साली स्कुटारीच्या इस्पितळात त्या जखमी सैनिकांच्या लांबच लांब रांगांमधून रात्री फेऱ्या घालायच्या. सगळ्या जगाने त्यांचा दिवा लक्षात ठेवला. त्या दिवशी नानिवलीला मला पहिल्यांदा त्यांच्या पायांचा विचार सुचला.

आता वाडीतल्या त्या घराच्या गोष्टीकडे येते.

पुढचा पावसाळा, ऑगस्ट २०२४. त्याच वाडीत दोन दिवसांची तपासणी होती म्हणून आम्ही सात मुली, मॅडम आणि आशाताई शाळेच्या खोलीत मुक्कामाला होतो. पहाटे साडेतीनला दार वाजलं. दहा वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती. हा आजींचा नातू, त्याच आजींचा. मी मनात म्हटलं, जेवण बाधलं. वाडीवरचीने विचारलं, "झोपला कुठं होता?" खाली, जमिनीवर. तिने बॅटरी त्याच्या चेहऱ्यावर धरली. "डोळे उघड, बाळा." त्याने उघडले, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. तिने मॅडमकडे पाहिलं. "मण्यार," ती म्हणाली.

अंगावर खूण सापडली नाही. आम्ही शोधत बसलोही नाही. आशाताई रेंजच्या दगडाकडे धावल्या, १०८ ला फोन करायला. वाडीत फोन लागतो तो त्या एकाच दगडावर उभं राहून. आजोबांचं म्हणणं पडलं, आधी भगताला बोलवा. मी चिडून काही बोलणार तेवढ्यात वाडीवरची आजोबांच्या पाया पडली आणि त्यांच्या बोलीत म्हणाली, भगतबाबांना बोलवाच, पण त्यांनी झोळीचा पुढचा खांदा धरावा, वाट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नाही. जे म्हणायचं ते चालता चालता म्हणावं. भगत आले. साठीचे असतील. त्यांनी एक शब्द न बोलता बांबू खांद्यावर घेतला.

साप चावलेल्याला चालू द्यायचं नसतं. चाललं की विष अंगात भराभर पसरतं. म्हणून झोळी. मुलाला कुशीवर ठेवलं, तोंडात साचणारी लाळ गिळता येत नव्हती ती बाहेर पडावी म्हणून. मॅडम पुढे बॅटरी घेऊन. चार खांदेकरी, बदलीला चार. माझ्याकडे एकच काम आलं: श्वास मोजायचा. दर दहा मिनिटांनी खांदेबदल होईल, तेवढ्या वेळात पूर्ण एक मिनिट मोजून लिहायचं. मधल्या वेळात तळवा त्याच्या पोटावर.

पाऊस होता. वाट म्हणजे ओढाच झाली होती. निघाल्यावर पाच मिनिटांतच माझ्या पायांना ती जुनी शर्यत आठवली. मी झोळीच्या पुढे ओढ घेऊ लागले. "पळा ना," मी खांदेकऱ्यांना म्हटलं. मागून वाडीवरचीने माझा दंड धरला.

"पळशील तर पडशील. पडलीस तर मोजणार कोण?"

मग तिने मला बोलायला लावलं. "तुमच्या माणगावला काळ नदी कुठून येते गं?" भर पावसात, अशा वेळी! मला कळेना ही काय विचारते आहे. मी उत्तर द्यायला गेले आणि वाक्य मधेच तुटलं. तेव्हा लक्षात आलं. मी पाऊल आखडलं. श्वास खाली आला. आणि मग माझ्या तळव्याखाली मला ते जाणवायला लागलं, जे आतापर्यंत माझ्याच धडधडीत बुडत होतं: त्या पोराचं पोट वर येत होतं, थोडं, खाली जात होतं, थोडं. पेठच्या जिन्यातल्या अंधारासारखं. पहिल्या थांब्याला २४. दुसऱ्याला २२. तिसऱ्याला १८. चौथ्याला १४, आणि तेही वरवरचे.

घसरणीच्या टप्प्यावर माझा पाय सुटला. मागून दोन तळवे पाठीला भक्कम लागले. पोलादपूरची. तिचं हिमोग्लोबिन तेव्हा साडेअकरा होतं. ती म्हणाली, "बँकर आहे मागे, चल."

भगतबाबा पूर्ण वाट पुढच्या खांद्यावरच होते, बदली द्यायला त्यांनी नकार दिला. ते काही पुटपुटत होते. त्यांची लय आणि त्यांचं पाऊल एक होतं, आणि बाकीचे सगळे त्या पावलावर चालत होते, हे मी खात्रीने सांगते.

खाली दिवा दिसला. १०८ उभी होती. डॉक्टरांनी वही मागितली, चार आकडे आणि त्यांच्या वेळा पाहिल्या आणि दुसरं काही न विचारता मास्क त्याच्या तोंडावर धरून पिशवी दाबायला घेतली. म्हणाले, "श्वास जायच्या बेतात आहे, आणि तुम्ही बरोबर वेळेत आणलाय." दार लागलं, गाडी कर्जतकडे गेली. त्या मुलाला पुढे अनेक दिवस यंत्रावर श्वास द्यावा लागला. तेराव्या दिवशी तो वाडीत परत आला. आता खाटेवर झोपतो. आजी त्याला मच्छरदाणी गादीखाली खोचूनच झोपवतात.

पण गाडी गेली तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडापाशी बसलो होतो. भगतबाबांनी बिडी काढली, ती भिजलेली निघाली, ते तशीच हातात धरून बसले. उजाडत होतं. मॅडम बॅटरी बंद करायला विसरल्या होत्या.

वाडीवरचीने माझं मनगट धरलं आणि माझ्याच घड्याळात बघत मोजलं.

"एकशे आठ," ती म्हणाली. "लिही."

मी वही उघडली. पानावर वरच्या बाजूला पावसाने पसरलेले चार आकडे होते, २४, २२, १८, १४. त्यांच्याखाली तिने सांगितलेला आकडा मी पोहोचल्यावरच्या रकान्यात लिहिला, आणि मग तिच्या मनगटावर बोटं ठेवली.